हम आपके हैं कौन?

शनिवारची रात्र. सव्वा अकरा. डेडलाइन संपलेली, कॉपी मेल केलेली, आणि मी आमच्या लालबागच्या खोलीत फरशीवर मांडी घालून चक्क अँप्लिफायरसमोर बसलेली. अँप्लिफायर काय म्हणतोय? घूंऽऽऽ. गाणं नाही, बातम्या नाहीत, फक्त घूं. मधूनच त्याच्या अंगात एक बारीक झर्रर्र येतं, ट्यूबलाइट मरायला टेकली की येतं तसं. पण मुख्य कलाकार घूंच.

आता तुम्ही म्हणाल, लालबागमध्ये राहणाऱ्या मुलीने आवाजाबद्दल तक्रार करावी? बरोबर आहे. खाली बसचे हॉर्न, भारतमाताच्या नाक्यावरचा ट्रॅफिक, आणि गणपतीत तर विचारूच नका. आमच्या चाळीतलं पोर ढोल ऐकत ऐकत झोपायला शिकतं. पण गंमत बघा, बाहेरचा शंभर माणसांचा गोंगाट चालतो आणि घरातली एक घूं चालत नाही. त्यात ती घूं ऐन आजीच्या आवाजावर बसलेली असेल तर मुळीच नाही.

हो, आजी. म्हणजे आजीची कॅसेट.

चाळ रिडेव्हलपमेंटला जायची आहे. त्यामुळे सध्या घरात एकच राष्ट्रीय कार्यक्रम आहे: माळा रिकामा करणे. पितळेचे डबे, बाबांच्या कॉलेजच्या वह्या, एक तुटका पाट आणि पत्र्याच्या ट्रंकेत रुमालात बांधलेली एक कॅसेट. वर बॉलपेनने '८३' एवढंच. आजोबांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

स्टोरी अशी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नेतृत्व, जवळजवळ अडीच लाख कामगार. अधिकृतपणे तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही, हे मला बीएमएमच्या लेक्चरमध्ये कळलं. आजोबांना ते कोणी शिकवायची गरज नव्हती. ते साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. पगार बंद झाल्यावर खूप जण गावी गेले, तसे आजोबाही कणकवलीजवळच्या आपल्या गावी शेतीला गेले. आजी मुलांना घेऊन इथेच राहिली. चाळीत खानावळ चालवायची, तिच्यावर घर चालायचं. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी तेव्हा हेच केलं. आजीला लिहिता येत नव्हतं. म्हणून तिने शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून पत्र बोललं आणि गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट पाठवली. त्या काळातला व्हॉइस मेसेजच म्हणा ना! फक्त ब्लू टिक यायला आठ दिवस.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

तर बाबांची नव्वदच्या दशकातली असेम्बल केलेली सिस्टीम खाली काढली. अँप्लिफायर, कॅसेट डेक, दोन दणकट स्पीकर. प्ले दाबलं. आधी घूं. मग घूंच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा एक बायकी आवाज. आजोबा कान पुढे करून ऐकत राहिले. मग मान हलवली. ''ह्यो तिचो आवाज न्हय गो.''

मला वाटलं, घूंमुळे. ही गेली की आजी येईल. सिंपल!

पहिला फंडा मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातल्या काकांनी दिला. करी रोडहून चालत लोअर परळ, तिथून ग्रँट रोडला उतरले, तर दुकानात जत्रा. काकांनी माझं रडगाणं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, ''आधी वायरी काढ, मग पैसे काढ.'' म्हणजे काही विकत घ्यायच्या आधी एकेक वायर काढत जा, आणि कोणती काढल्यावर आवाज जातो ते बघ. च्यायला, एवढं सोपं! पत्रकारितेतही हेच करतात की. एकेका सूत्राला वेगळं गाठायचं.

मग त्यांनी आवाजांची जातकुळी सांगितली. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ. (अमेरिकेत ६०, त्यामुळे तिथली घूं आपल्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत!) हीच ५० किंवा तिची दुप्पट १००, खर्जातली, गोल, एकसुरी, ती 'हम'. आणि जी टोचते, झर्रर्र करते ती 'बझ'. ती बहुतेक वेळा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर असल्या मंडळींची कृपा.

दुसरी टेस्ट, व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या. तरीही घूं तेवढीच? मग गडबड अँप्लिफायरच्या पोटात. विजेचं उलटसुलट पाणी सपाट करणारे कपॅसिटर वर्षानुवर्षांनी सुकतात, आणि मग १०० हर्ट्झ गळायला लागतं. व्हॉल्यूमबरोबर घूं कमी-जास्त होत असेल, तर गुन्हेगार अँप्लिफायरच्या आधी कुठेतरी लपलाय.

आमच्याकडे काय होतं? सगळंच! अगदी महायुती.

व्हॉल्यूम शून्यावर थोडी घूं उरायची. म्हणजे कपॅसिटर. ते काम मी स्वतः केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. प्लग काढला तरी आत करंट साठून राहिलेला असतो. अँप्लिफायर टॅक्सीत घालून काकांकडे नेला. जोडीला डेकचा सैल पडलेला रबरी पट्टाही बदलून घेतला.

उरलेली घूं व्हॉल्यूमबरोबर वाढायची. मग वायरी. टीव्हीचा आवाज या सिस्टीमवर यावा म्हणून बाबांनी कधीतरी सेट-टॉप बॉक्सची वायर अँप्लिफायरला जोडली होती. बॉक्सच्या मागून केबलवाल्याची वायर पिरगाळून काढली आणि सत्तर टक्के घूं गायब! याला ग्राउंड लूप म्हणतात. सिस्टीमला जमिनीशी जोडणारे दोन वेगळे रस्ते झाले, एक आपल्या बोर्डातून आणि दुसरा केबलच्या वायरीतून, की त्या दोघांत बारीकसा करंट फिरत राहतो आणि स्पीकर तो इमानदारीत ऐकवतो. इलाज दोन. सगळ्या वस्तू एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये आयसोलेटर लावा, छोटीशी वस्तू असते. पण तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून घूं घालवणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते, गाणी ऐकवायला नाही.

झर्रर्रचा सूत्रधार निघाला माझाच लॅपटॉप. कॅसेट त्यात रेकॉर्ड करायची म्हणून जोडलेला. आमच्या जुन्या बोर्डांना धड अर्थिंग नाही, चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्यावर हात फिरवला की मुंग्या येतात. चार्जर काढला, बॅटरीवर चालवला, झर्रर्र बंद. मी उगाचच इकडेतिकडे बघितलं.

शेवटचा लोचा तर सगळ्यात भारी. बाबांनी शोकेसमध्ये जागा नाही म्हणून कॅसेट डेक अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता. अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर आजूबाजूला चुंबकीय लहरी सोडत असतो, आणि कॅसेटचा हेड हा प्राणी चुंबकीय लहरी वाचायलाच जन्माला आलेला. तो कॅसेट वाचता वाचता खालचा ट्रान्सफॉर्मरही वाचतो! डेक उचलून हात-दीड हात लांब ठेवला. झालं. काकांकडून आणलेली कोरी कॅसेट लावली, व्हॉल्यूम वर नेला. हलकीशी सूंऽऽ सोडली तर टोटल शांतता. मी विजयी मुद्रेने आजीची कॅसेट घातली.

आजोबा म्हणाले, ''अजून आसा गो.''

खरं सांगू, मला वाटलं त्यांना भास होतोय. चौऱ्याऐंशी वर्षांचे कान, त्यात अर्धं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही. पण इथे माझं विज्ञान कच्चं होतं. कारखान्याच्या आवाजाने आधी जातात ते वरचे स्वर, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बेल, चिमणीची चिवचिव, 'स' आणि 'श'. खर्ज मात्र बराच शाबूत राहतो. म्हणजे झर्रर्रच्या बाबतीत मी एक्सपर्ट, आणि घूंच्या बाबतीत आजोबा!

हेडफोन लावले. होती. अगदी बारीक, पण होती.

कोरी कॅसेट लावली की नाही, आजीची लावली की आहे. म्हणजे ही घूं आमच्या आजच्या विजेची नाहीच, ती कॅसेटवरच बसलेली आहे. खात्री करायला लॅपटॉपवर ऑडॅसिटी उघडलं. हे फुकटचं सॉफ्टवेअर आवाजाची चिरफाड करून कोणता स्वर किती आहे ते दाखवतं. घूंचा सुळका कुठे असायला हवा? ५० वर. होता कुठे? ४८ वर. आणि दुसरा ९६ वर.

दोन मिनिटं काही कळेना. मग ट्यूब पेटली. वीज तेव्हाही ५० च्याच आसपास होती. ती ४८ ऐकू येतेय म्हणजे कॅसेट हळू वाजतेय. पण पट्टा तर नवा, सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी अगदी सुरात वाजत होत्या. मग हळू कशी? कारण ती रेकॉर्ड होतानाच जोरात पळाली होती! पळत्या मशीनवर भरलेला आवाज नीट चालणाऱ्या मशीनवर जाडा आणि संथ होतो. मी आजोबांना विचारलं, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर कसा होता हो? ते हसले. म्हणाले, पळायचा. त्यावर लता पण लहान मुलीसारखी गायची.

चार टक्के म्हणजे काही फार नाही, अर्ध्या स्वराला थोडं कमीच. पण चाळीस वर्षं जिच्याशी संसार केला तिचा आवाज अर्धा स्वर खाली लावून बघा. माणूस ओळखेल का? आजोबांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, हा तिचा आवाज नव्हे. मीच ते घूंच्या खात्यावर मांडलं.

ज्या घूंला घालवायला मी दोन आठवडे घालवले, तिलाच आता पट्टी म्हणून वापरायचं होतं. ऑडॅसिटीत स्पीड वाढवत नेला, ४८ चा सुळका सरकत सरकत बरोबर ५० वर आणून बसवला. (हा काही माझा शोध नव्हे. लंडनच्या पोलिसांच्या प्रयोगशाळेत विजेच्या या घूंची सतत नोंद ठेवली गेली, कारण तिच्या बारीक चढउतारांवरून एखादं रेकॉर्डिंग कधीचं आहे, त्यात काटछाट झालीय का, हे ताडता येतं.) घूं ५० वर आली, म्हणजे तिच्यासोबतची आजीही आपल्या जागेवर आली असणार.

प्ले.

आवाज बारीक झाला, चटचटीत झाला, जरा घाईतला. पोळ्या लाटता लाटता बोलल्यासारखा. डबे किती जातात, कोणाचे पैसे राहिलेत, धाकट्याचा ताप उतरला. आणि मध्येच, एकदम जवळ येऊन, ''आयकतास मा?''

आजोबा बोलले, ''आयकतंय गो.'' मोठ्याने. बेल ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं.

पुढचं मी ऐकलं नाही. चहा टाकायला उठले.

नंतर एका मित्राने सांगितलं की ती उरलेली घूं एका क्लिकमध्ये फिल्टर होते. केलं तेही. आता दोन फाइली आहेत, एक धुऊन स्वच्छ केलेली आणि एक घूंसकट. आजोबांच्या मोबाइलवर मी अर्थातच स्वच्छ टाकली. त्यांनी दोन दिवस ऐकली आणि दुसरी मागितली. का, म्हणून विचारलं.

''त्या वक्ताक लाईटीचा बील कोणी भरल्यान?'' आजोबा म्हणाले. ''तिनाच.''