जाड पापडाला जाड म्हणावं

गिरगाव, रविवार

प्रिय नीलू,

तुझं भलंमोठं पत्र पोचलं. टीममधला तो गृहस्थ काम अर्धवट टाकतो आणि वाईटपणा नको म्हणून तू रात्री बसून ते निस्तरतेस! राग मानू नकोस, पण हा काही चांगुलपणा नव्हे. एक दिवस तू अशी फाडकन बोलशील, की एवढ्या वर्षांचा सलोखा एका वाक्यात जाईल.

आपल्या इथल्या लोहाणा निवासातल्या बायका आठव. १५ मार्च १९५९ रोजी जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहाजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं. तेच पुढे लिज्जत झालं. शेजारणींनी एकत्र धंदा काढायचा म्हणजे जिन्यातलं बोलणं बंद होण्याची हमीच की गं! पण नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं. देणगी मागायची नाही, हेही. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी बजावलं, दोन प्रतींचे पापड नकोत, एकच चांगली प्रत करा आणि हिशेब चोख ठेवा. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली. वर पापड, खाली स्टोव्ह.

मला मात्र खरी गंमत रोजच्या देवघेवीत वाटते. मळलेलं पीठ सकाळी लिज्जतच्या केंद्रातून न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे ते तपासून घेतात आणि मजुरी वजनावर मिळते. जाड पापड तिथल्या तिथे जाड ठरतो. मनात साठवून संक्रांतीला उकरून काढायची सोय नाही. तपासणारीनेही आधी पापडच लाटलेले, तेव्हा ‘हिला काय कळतंय’ असंही म्हणता येत नाही. निर्णय एकमताने, एकीनेही नाही म्हटलं तर अडतो. (मी असते तर कंटाळून उठून आले असते.) तरी आज जवळपास ४५,००० जणी त्यात आहेत.

तुमच्याकडे कोणी काय, कधी आणून द्यायचं, हेच मुळात ठरलेलं दिसत नाही. सोमवारी त्याला कॉफीला ने आणि सांग, ‘गुरुवार संध्याकाळपर्यंत तुझा भाग दे. नाही आला, तर मी हात लावणार नाही, आहे तसा वर जाईल.’ गोड बोल, पण गुरुवारचा शुक्रवार होऊ देऊ नकोस. तो काय म्हणाला, ते लगेच कळव.

तुझी,
मंगल