काठ सोडल्यावर

'तटस्थ' हा शब्द आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारला आहे, की त्यातला 'तट' आम्हाला ऐकू येईनासा झाला होता. समीक्षकाने तटस्थ असावे, निवेदक तटस्थ आहे, या कवितेत पुरेशी तटस्थता नाही, अशी वाक्ये आमच्या तासांना आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांना सारखीच सवयीची आहेत. तटावर, म्हणजे काठावर, उभा असलेला तो तटस्थ. व्युत्पत्ती काही अवघड नाही. पण तिचा अर्थ आम्हाला अंगाने कळला तो उजनीच्या जलाशयात, हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून गळ टाकताना.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक, आणि मासे धरण्याचा नाद तिघांचाही जुना. गळ, तंगूस, पाण्यावर उभी राहणारी मोरपिसाची काडी, आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढ्या सामग्रीवर आम्ही वर्षानुवर्षे काठावर बसत आलो. काठावरच्या माणसाचे पाण्याशी नाते वरून खाली पाहण्याचे असते. त्याच्या पाठीशी जमीन असते, कंटाळा आला की उठून जाता येते. पाणी त्याच्यापुढे एखाद्या पानासारखे पसरलेले असते आणि तो त्याचा वाचक असतो.

फ्लोट ट्यूब ही मूळची अमेरिकेतल्या मासेमारांच्या आवडीची वस्तू. डोंगरातल्या तळ्यांवर ट्राउट धरायला ती पाठीवर टाकून नेता येते. तिकडे तिला 'बेली बोट' असेही म्हणतात. आकार घोड्याच्या नालेसारखा, मध्ये कापडी बैठक. बसणाऱ्याचे पाय पाण्यातच असतात. अंगात छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, वर जीवरक्षक जाकीट, आणि पायांत पोहणारे वापरतात तसे रबरी पंजे. वल्ही नसल्यामुळे दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. मात्र बसल्या बसल्या पाय मारले, की ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते. जायचे असते तिकडे पाठ आणि सोडून आलो त्या काठाकडे तोंड, असाच हा सगळा प्रवास होतो.

यातले पहिले सुख दृष्टीचे. ट्यूबमध्ये बसले, की डोळे पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दोन-अडीच फूट वर राहतात. काठावरून सपाट दिसणारे पाणी येथे चढउतारांचे होते. लहानशी लाटही मोरपिसाची काडी क्षणभर झाकते. पक्षी या बुटक्या, संथ आकृतीला फारसे बुजत नाहीत. पाणकावळा बऱ्यापैकी जवळ डुबकी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांची रांग उथळ पाण्यात माना खाली घालून चरत असते. आम्ही दूरच थांबतो, पण त्या खालच्या नजरेतून त्यांचे पाय काठावरून दिसतात त्याहून कितीतरी उंच वाटतात.

दुसरे सुख स्पर्शाचे. काठावर मासा लागल्याची बातमी मनगटाला कळते, ट्यूबमध्ये ती सबंध देहाला कळते. येथे लागते ती बहुधा चिलापी, म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेतला तिलापिया. अर्ध्या किलोच्या चिलापीनेही ओढ घेतली, की ट्यूब हळूच तिच्या दिशेला तोंड फिरवते. कोण कुणाला धरून आहे, असा प्रश्न त्या वेळी पडतो. पायांना तर थराथराने पाणी कळते: गुडघ्यापाशी कोमट, पावलांपाशी गार.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी' आम्ही दरवर्षी शिकवतो. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान हरवत नाही, हा तिचा गाभा. विद्यार्थी ती पाठ करतात, पण हे दोन्ही एकाच वेळी कसे घडते, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर राहतेच. कमरेखाली पाणी आणि कमरेवर हवा, अशा स्थितीत दोन तास बसलेल्या माणसाला ही शंका पडू नये. तो पाण्याचाही असतो आणि स्वतःचाही.

हे सुख एवढ्यावर थांबले असते, तर ते निव्वळ छंदाचे सुख ठरले असते. पण त्या जलाशयावर ट्यूबमध्ये बसणारे आम्ही पहिले नव्हेत. आपल्याकडच्या धरणांत ट्रकच्या चाकातली रबरी ट्यूब फुगवून, तिच्यावर बसून जाळी टाकणारे मासेमार पूर्वीपासून आहेत. त्यांना ना कापडी बैठक, ना जलरोधक विजार. फळीच्या तुकड्याने नाहीतर नुसत्या हातांनी पाणी मारत ते पहाटे जाळी काढायला निघतात. आमचे उलटे जाणे पाहून त्यांतले एक वयस्क गृहस्थ पहिल्या दिवशी मनमुराद हसले. "मास्तर, पाठ करून कुठं निघालाव?" असे विचारून त्यांनी आपली ट्यूब आमच्याजवळ आणली. बोलता बोलता त्यांनी खाली पाण्याकडे बोट केले. "हितं आमचं रान हुतं. वडलांचं."

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पाणी भरलेले असताना मात्र खाली काय आहे, याचा विचार काठावरच्या कुणाच्या मनात येत नाही. आमचे पाय त्या दिवशी कुणाच्या तरी बांधावर लोंबकळत होते. जमीन गेल्यावर त्याच पाण्यावर पोट भरणारा माणूस शेजारी तरंगत होता आणि आम्ही हौसेने आलो होतो. दोन ट्यूबांमधले अंतर हातभर होते. ते तेवढेच होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आणखी एक गोष्ट विजारीमुळे आम्हाला जाणवत नव्हती, ती त्यांच्या उघड्या पायांना रोज जाणवते. या जलाशयात मुळा-मुठेचे पाणी येते, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. उन्हाळ्याकडे पाण्यावर हिरवट साय धरते. अंगाला खाज सुटते, असे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले. देहू-आळंदीवरून आलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, तेही पाणी येथेच येते. आणि आषाढीला येथूनच सोडलेले पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या माथ्यावर जाते. संतसाहित्याचा पेपर शिकवताना या नद्यांची नावे आम्ही फळ्यावर लिहितो. ती नावे एका प्रवाहात असल्याचे आम्हाला माहीत होते. आपल्या मोरीतले पाणीही त्याच ओळीत आहे, हे त्यांच्या पायांकडे पाहिल्यावर ध्यानात आले.

या सुखाला मर्यादाही आहे, ती वाऱ्याची. रबरी पंजांचा जोर तोकडा असतो. वारा उलटा सुटला, की ट्यूब वाटेल तिकडे वाहत जाते. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली, ती याच पाण्यात. म्हणून हिवाळ्यातली सकाळ, काठापासून हाकेचे अंतर आणि त्या मासेमारांचा शब्द, हे तीन नियम आम्ही मोडत नाही. "वारं फिरलं, निघा आता," एवढे त्यांनी म्हटले, की मासा लागत असला तरी तंगूस गुंडाळायचा.

काठ आम्हाला नकोसा झालेला नाही. निबंध तपासायला, दोन कवींची तुलना करायला, कुणाची भीड न ठेवता मत द्यायला तो लागतोच. पण यंदा 'तटस्थ' हा शब्द शिकवताना आम्ही फळ्यावर आधी एक आडवी रेघ काढली, तिच्या वर काठ लिहिला, खाली पाणी, आणि विद्यार्थ्यांना विचारले, की या लेखकाचे पाय कुठे आहेत ते सांगा. मागच्या बाकावरून एका मुलीने उलट विचारले, "सर, आणि वाचकाचे?" त्यावर वर्गात जी चर्चा झाली, ती तास संपल्याची घंटा वाजल्यावरही चालू होती.