गाडीतला आवाज

माझ्या जुन्या पालिओचे कंपनीचे स्पीकर फाटले होते, कागदी कोन वाळून गेलेले. नगरला दारांत नवे स्पीकर बसवले, पत्र्याला डॅम्पिंग शीट लावली, सीटखाली अॅम्प्लिफायर. त्याची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवरून. वामनदादांच्या गाण्यातला शब्द न् शब्द आता स्वच्छ ऐकू येतो.

"गावातून जाताना बारीक कर," घरून सूचना. मे 2015 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीत, भीमगीताच्या रिंगटोनवरून दलित तरुणाचा खून झाल्याची बातमी घरात कुणी विसरलेले नाही. नियम डेसिबलचा आहे: वस्तीत दिवसा 55. तो सप्ताहाच्या कर्ण्याला, वरातीच्या डीजेला कोण लावतो? माझ्या तर काचाही बंद असतात. तरी वेशीजवळ हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. त्या हाताचा मला राग येतो.