माळवदाखाली

आमच्या गावाचे नाव ईट. जुनी घरे मात्र दगडमातीची. दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचे माळवद. उन्हाळ्यात याहून गार घर नाही!

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात अशाच घरांनी झोपलेली माणसे गाडली. सुमारे दहा हजार जीव गेले. नकाशाने तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा ठरविला होता. 2002 साली तो तिसऱ्या विभागात आला. नकाशा बदलला, आमची भिंत तीच राहिली.

या भिंतीचे आतले व बाहेरचे दगड वेगळे रचलेले असतात, मध्ये नुसता चुरा. आरपार जोडदगड नसला की हादऱ्याने दोन्ही थर सुटतात. त्यात दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर, म्हणजे डोक्यावर आणखी भार.

आमच्या भिंतीला पोट आले आहे. आरपार भोके पाडून सळई व काँक्रीट भरता येते, माती उतरवून पत्रे घालता येतात. आई म्हणते, ‘‘पत्र्याखाली उन्हाळा तू काढणार का?’’ तूर्त भोके पाडायचे ठरले आहे. मातीचा वाद चालूच आहे.