बर्फावरचे सहाशे साठ फूट

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मधे इंजिन असलेली, बर्फावर धावणारी गाडी. गुलमर्गला जाऊन आलेल्या पुष्कळ मराठी पर्यटकांनी तिच्यावर एखादी फेरी मारलेली असते. तिचे खरे घर मात्र क्वेबेक, ओंटारिओ, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या टापूत आहे. तिथली तळी ऐन हिवाळ्यात अशी गोठतात, की त्यांच्यावर मासेमारीच्या झोपड्या उभ्या राहतात आणि शनिवार-रविवारी शर्यती लागतात. त्यांतली सर्वांत साधी शर्यत ड्रॅगची. दोन गाड्यांनी शेजारी शेजारी उभे राहायचे, दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि सरळ रेषेत ठरलेले अंतर काटायचे. बर्फावर हे अंतर बहुधा ६६० फूट, म्हणजे मैलाचा आठवा भाग असते. गवतावरच्या शर्यतींत ५०० फूट. वळण नाही, चढ नाही, चुकले ते भरून काढायला दुसरी फेरी नाही. अशा शर्यतीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, कारखान्यातून निघाली तशीच राखलेली गाडी उतरवणे हा तिथल्या हौशी मंडळींचा आवडता नाद आहे.

या नादाला लागणारे जुने लोखंड तिथे मुबलक आहे, आणि त्याला कारण आहे. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावात कार्ल एलिअसन याने १९२४ साली घसरगाडीला इंजिन जोडून बर्फावर चालणारी गाडी केली. क्वेबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याने १९५९ साली हलकी, एकट्यादुकट्याने चालवण्याजोगी ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि बर्फातल्या वाहतुकीचे साधन हळूहळू करमणुकीचे झाले. मिनेसोटात रोझो इथे पोलॅरिस आणि थीफ रिव्हर फॉल्स इथे आर्क्टिक कॅट हे कारखाने उभे राहिले. १९६४ साली विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हर इथे शर्यत भरली आणि तिची पुढे जागतिक स्पर्धा झाली. १९७० च्या सुमारास शंभराहून अधिक कंपन्या या गाड्या बनवत होत्या. १९७१ साली उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या जवळपास गाड्या खपल्या. मग १९७३ ची तेलटंचाई आली, बर्फानेही काही हिवाळे दगा दिला, आणि एकेक कारखाना बंद पडत गेला. १९८० चे दशक अर्धे सरले तेव्हा स्की-डू, पोलॅरिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा ही चारच मोठी नावे उरली. गाड्या मात्र शेतांवरच्या कोठारांत, घरामागच्या पडव्यांत पडून राहिल्या. त्यांतलीच एखादी धूळ झटकून बाहेर निघते आणि शर्यतीला उभी राहते.

नमुन्यादाखल पोलॅरिसची इंडी ५०० घेता येईल. १९८९ च्या मॉडेलपासून ती विकली जाऊ लागली. पाण्याने थंड होणारे दोन सिलिंडरांचे ४८८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, जपानी मिकुनी कार्बोरेटर आणि १२१ इंच लांबीचा पट्टा ही तिची ओळख. पुढच्या दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे खडबडीत वाटेवर ती बरीच स्थिर राहते. सरळ धावेत या गुणाचा उपयोग थोडाच. तरीही गाडी दणकट, तिचे सुटे भाग आजही मिळणारे आणि जुन्या मेकॅनिकांना तिची नाडी पाठ असलेली, त्यामुळे हौशी स्पर्धकाला ती परवडते.

अशी गाडी ज्या गटात उतरते त्याला ‘स्टॉक’ म्हणतात. गट आधी इंजिनच्या सीसीवरून पडतात आणि मग गाडीत किती बदल करायची मुभा आहे यावरून. सर्वांत वरच्या खुल्या गटात फ्रेमपासून सायलेन्सरपर्यंत सारे मनाजोगते करता येते. स्टॉक गटात सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर, सायलेन्सर सगळे कारखान्याचे हवे. सिलिंडरच्या वाटांवर कानस फिरवायची नाही. जुळवाजुळवीला मोकळीक असते ती बहुतेक ठिकाणी मोजक्याच गोष्टींची: कार्बोरेटरमधले जेट, क्लचमधली वजने आणि स्प्रिंगा, साखळीची दातेरी चाके, पट्ट्यावरचे खिळे. बंधने घातली की पैशाचा जोर कमी होतो आणि लक्ष देणाऱ्याचा वाढतो. इंजिनची ताकद वाढवायची नाही, आहे ती वाया जाऊ द्यायची नाही, एवढाच स्टॉक गटाचा धडा आहे.

जुन्या गाडीच्या बाबतीत या धड्याचा पहिला पाठ दुरुस्तीचा. गाडी नवी असताना तिच्यात जेवढी ताकद होती तेवढी आज उरलेली नसते. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले आणि आकड्यांत फरक निघाला, की इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि तिथून सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँकच्या टोकांची रबरी सीले वाळून कडक झाली, किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी गळ्याला बारीकशी चीर गेली, तरी बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि पूर्ण वेगात असतानाच त्याच्या माथ्याला भोक पडते. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत कार्बोरेटरच्या तळाशी जुन्या पेट्रोलची पिवळट, चिकट साय जमलेली असते. केसाएवढे बारीक भोक असलेला जेट त्या सायीने बुजतो. हवेच्या पेटीत उंदरांनी घरटे केलेले सापडणे हाही नित्याचा अनुभव. या सगळ्या साफसफाईला शर्यतीची तयारी म्हणायला जीव धजत नाही, पण निम्मी शर्यत इथेच जिंकली किंवा हरली जाते.

दुसरा पाठ हवेचा. हवा जितकी थंड तितकी ती दाट. शून्य अंशावरची हवा उणे ३० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू जास्त आणि इंजिनला ताकदही जास्त, पण त्याच प्रमाणात पेट्रोल पुरवले तरच. कार्बोरेटरला हे आपोआप कळत नाही. थंडी वाढली की मोठ्या भोकाचा जेट बसवावा लागतो, ऊन पडले की लहान. जेट गरजेपेक्षा मोठा असला तर इंजिन घुसमटते, लहान असला तर जळते. सगळ्यात जास्त ताकद या दोहोंच्या मधे, जळण्याच्या सीमेला अगदी खेटून असते. म्हणून जाणकार स्पर्धक धाव संपताच पूर्ण वेगातच इंजिन बंद करतो, प्लग काढतो आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवरचा रंग निरखतो. कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक. काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त. पांढरी फटफटीत चिनी माती आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर पिस्टन वितळू लागला आहे. बोटाएवढ्या प्लगवर आत काय घडले त्याचा सगळा जबाब लिहिलेला असतो.

तिसरा पाठ क्लचचा, आणि जाणती माणसे सर्वांत जास्त वेळ त्यावरच घालवतात. स्नोमोबाइलला गिअर नसतात. आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तीच रचना इथे मोठ्या आकारात असते: दोन पुल्या आणि त्यांच्यामधून फिरणारा रुंद बेल्ट. इंजिनकडच्या पुलीत छोटी लोखंडी वजने असतात. इंजिन फिरू लागले की ती बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत स्प्रिंग आणि तिरकी घसरण असते. ती बेल्टला विरोध करत राहते. या दोघांच्या ओढाताणीतून क्षणाक्षणाला नवा गिअर तयार होतो. उद्देश एकच, गाडीचा वेग शून्यापासून कितीही वाढला तरी इंजिन आपल्या सर्वोच्च ताकदीच्या फेऱ्यांवर खिळून राहावे. इंडी ५०० सारख्या इंजिनची ही जागा मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास असते. काटा त्याच्या वर पळाला तर वजने हलकी पडली. खाली अडकला तर जड झाली. वजनात एक-दोन ग्रॅमचा फरक केला तरी काटा शे-दोनशेने हलतो. जुन्या गाडीत स्प्रिंगा पिचकलेल्या असतात, वजनांची बुशे झिजून खडखडतात, बेल्टची रुंदी कमी होऊन कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. दोन पुल्या एका रेषेत नसल्या तर ताकद उष्णतेत जाते आणि धाव संपल्यावर पुलीला हात लावला की चटका बसतो. पुली कोमट लागली तर जुळणी बरी, हाताला पोळली तर कुठेतरी बेल्ट घसरतो आहे, अशी साधी परीक्षा त्यासाठी असते.

ताकद पट्ट्यापर्यंत आली तरी ती बर्फात रुतावी लागते. तळ्याच्या काचेसारख्या बर्फावर नुसते रबर घसरते, म्हणून पट्ट्यातून आरपार पोलादी खिळे बसवतात. त्यांची संख्या आणि उंची नियमांत बांधलेली असते. खिळे कमी पडले तर पट्टा जागीच फिरतो. जास्त झाले तर त्यांचे वजन फिरवण्यातच ताकद खर्च होते. टोके बोथट होतात, म्हणून दोन फेऱ्यांच्या मधे माणसे गुडघे टेकून कानशीने ती धारदार करताना दिसतात. गाडी सुटताना वजन मागे सरकते आणि स्की उचलल्या जातात. बघणाऱ्यांना ते आवडते, पण स्की हवेत गेली की ताकद पुढे ढकलण्याऐवजी वर उचलण्यात जाते. सस्पेन्शनमधला कापडी पट्टा आखडून ती जमिनीला खेटून ठेवणे हे चांगल्या जुळणीचे लक्षण. रबरी पट्टा आणि त्याच्या सरकपट्ट्या थंडीने आखडू नयेत म्हणून मागचा भाग स्टँडवर उचलून पट्टा काही वेळ फिरवून घेतात. एखादा खिळा सुटून कुणाला लागू नये, यासाठी स्टँडला मागून जाड आडोसा असतो. इंजिन थंड ठेवण्याची गोष्ट नेमकी उलटी. उधळलेला बर्फ गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांवर आदळून पाणी गार होते, पण टणक तळ्यावर उधळायला भुसभुशीत बर्फच नसतो. मग दोन धावांच्या मधे बाहेरून थंड पाणी फिरवून इंजिनची उष्णता उतरवावी लागते.

शर्यतीआधी तपासणी होते. हेल्मेट, छाती-पाठीचे कवच, मागचा जाड फडका आणि मनगटाला किंवा कपड्याला बांधलेली दोरी या गोष्टी नसतील तर गाडी रांगेत लागत नाही. स्वार खाली पडला की ती दोरी निसटते आणि इंजिन तत्क्षणी बंद होते. खालच्या बर्फाचीही तपासणी लागते. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाच्या सूचनेप्रमाणे चालत जायला किमान ४ इंच आणि एका स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. जिथे गाड्या, ट्रेलर आणि माणसे एकत्र जमतात तिथे तो याहून कितीतरी जाड असावा लागतो.

मग येतात ते सेकंद. पिवळे दिवे, हिरवा दिवा. घाई केली तर लाल दिवा आणि धाव बाद. स्वार हँडलवर ओणवा झालेला असतो, उजव्या अंगठ्याखाली ॲक्सिलरेटर, डाव्या हाताखाली ब्रेक. घड्याळ गाडी हलल्यापासून चालू होते, त्यामुळे जिची वेळ कमी तीच आधी पोचेल असे नाही. दिवा पाहून सुटण्यात जो दशांश सेकंद गमावला तो घड्याळात दिसत नाही, पण रेषेवर दिसतो. शेवटी गाडीचा वेग ताशी १३० किलोमीटर असेल, तर सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर. विदर्भातल्या शंकरपटात बैलजोडीचा वेळ सेकंदाच्या अंशांत मोजतात, तशीच ही मोजणी; फरक एवढाच, की इथे जनावराच्या अंगात काय आहे ते ग्रॅम आणि जेटच्या आकड्यांत लिहून ठेवता येते.

अगदीच मागे पडणाऱ्या जुन्या गाडीलाही जागा आहे. काही ठिकाणी ‘ब्रॅकेट’ पद्धतीची शर्यत असते. तीत प्रत्येकाने आपली गाडी किती वेळात पोचेल ते आधी सांगायचे. हळू गाडीला दोन्ही वेळांमधल्या फरकाएवढी आघाडी देऊन आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा लवकर पोचले तर धाव बाद. म्हणजे इथे वेगाला किंमत नाही, आपल्या गाडीच्या ओळखीला आहे. दर धावेला तोच वेळ देणारी म्हातारी गाडी लहरी नव्या गाडीला सहज हरवते. हिवाळा संपल्यावरही हौस थांबत नाही. मिनेसोटात सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या ‘हे डेज’ या मेळ्यात याच गाड्या गवतावर धावतात.

जिंकलेल्या गाडीवर कुणी हरकत घेतली तर ती उघडली जाते. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मोजतात, पेट्रोल तपासतात, भागांचे आकार आणि क्रमांक पडताळतात. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, इंजिनमध्ये तेल फवारायचे, बेल्ट काढून ठेवायचा, पट्टा जमिनीपासून उचलून टेकू द्यायचा आणि हवेच्या पेटीचे तोंड बंद करायचे. शेवटचे काम वहीचे: त्या दिवशीचे तापमान, जेटचा क्रमांक, वजनांचे ग्रॅम, स्प्रिंग, खिळ्यांची संख्या आणि वेळ. पुढच्या वर्षी जुळणी नव्याने शोधावी लागत नाही. या नोंदीपासून पुढे सुरू करता येते.