न भरणारी जखम

चिंचवडगावात एका मित्राच्या घरी रविवारी दुपारी आम्ही पाच जण जमतो. जेवणाची ताटे उचलली की त्याच टेबलावर नकाशा पसरला जातो, वीस बाजूंचा फासा घरंगळू लागतो आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव सुरू होतो. एक जण सूत्रधार. राक्षस, गावकरी, वादळ, सारे त्याच्या मुखातून बोलते. उरलेले चौघे एकेका पात्राचे आयुष्य जगतो.

प्रत्येक पात्राजवळ ठरावीक जीवगुण असतात. घाव बसला की ते घटतात. शून्यावर आले की पात्र कोसळते. ते परत कसे मिळतात, यावर मात्र या खेळाच्या आवृत्त्यांत मोठे अंतर आहे. 1979 च्या नियमांत पहिल्या आठवड्यात दिवसभराच्या विश्रांतीने एकच गुण परत मिळे. काहीही झाले तरी चार आठवड्यांत पात्र पूर्ण बरे होई. आम्ही खेळतो त्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांची विश्रांती घेतली की सगळे गुण परत. आठ तास म्हणजे आमच्या भागात एक पाळी.

हा नियम आम्हाला कधी खटकला नव्हता. मग आमच्यातल्या एकाची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसवर गेली. तीन महिन्यांनी तो पुन्हा खेळायला आला, डाव्या हाताने फासा टाकू लागला. खेळात त्याचे मन रमेल, एवढाच आमचा हेतू होता.

या खेळातले राक्षस बरे होण्याच्या नियमाशीच भांडतात, हे तोवर आमच्या नीट ध्यानात आले नव्हते. ट्रोलचे घाव दर फेरीला आपोआप भरतात. आगीने किंवा आम्लाने भाजल्यावरच ते भरणे थांबते. फाडलेल्या जरासंधाची शकले पुन्हा जुळत, म्हणून ती विरुद्ध दिशांना फेकावी लागली, तसाच हा प्रकार. व्हॅम्पायरचा चावा गुणांची कमाल मर्यादाच खाली आणतो, पण एका रात्रीच्या विश्रांतीने ती पूर्ववत होते. मातीच्या गोलेमचा ठोसा मात्र ती अशी उतरवतो की कितीही झोपा, वर येत नाही. त्यासाठी वरच्या श्रेणीचा मंत्र आणि शंभर सुवर्णमुद्रांची हिऱ्याची पूड लागते. 1977 च्या पुस्तकात तर सतराव्या पातळीच्या पुरोहितावाचून या जखमेला उपायच नव्हता.

आमच्या मित्राच्या योद्ध्याला गोलेमचे दोन ठोसे बसले. मर्यादा 68 वरून 35 वर आली. कथेत सकाळ उजाडली, बाकी सारे ताजेतवाने झाले. सूत्रधार ओशाळला. म्हणाला, "राहू दे रे, हा नियम आपण सोडून देऊ."

मित्राने मान हलवली. "नको. पस्तीसच लिही. सकाळी उठून सगळं भरून आलेलं असतं, तेच मला खोटं वाटायचं."

कोणी काही बोलले नाही. सूत्रधाराने खोडरबर खाली ठेवला.

त्यानंतर त्या योद्ध्याची चाल बदलली. आधी तो दार फोडून आत शिरे. आता दाराशी उभा राहून मागच्यांची वाट राखू लागला. तो भित्रा झाला, असे आम्हाला वाटले नाही. उरलेल्या बळाचा हिशेब त्याला आला होता.

अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत अजून फिरतो, असे लहानपणी आम्ही ऐकले. त्या गोष्टीत शस्त्राचे वर्णन कोणी करत नाही. लक्षात राहते ते तेल. घाव किती खोल, हे मारणाऱ्याच्या बळावर ठरत नसून बरे होण्याची वाट किती लांब आहे, यावर ठरते. म्हणून आम्हाला आता वाटते, की या खेळात राक्षसाचे खरे बळ त्याच्या नखांत वा दातांत नाही. जखमी पात्राची उद्याची सकाळ कशी उजाडेल, हे ठरवण्यात आहे.

काही महिन्यांनी आमचा पुरोहित नवव्या पातळीवर पोचला. तोवर हिऱ्याची पूड आम्ही चौघांनी मिळून जमवली होती. मंत्र म्हटला गेला, उणे झालेले 33 गुण परत लिहिले गेले. मित्राने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि पहिल्यांदाच फासा उजव्या हातात घेतला. तीन बोटांतून तो सुटला आणि टेबलाखाली गेला.

आम्ही सगळे वाकून शोधू लागलो.