पडद्यांचा ताण

जपानमध्ये बनून विक्रीस आलेल्या पहिल्या ३५ मिमी फोकल-प्लेन कॅमेऱ्याचा, म्हणजे ‘हान्सा कॅनन’चा, इतिहास बहुधा गोरो योशिदा यांनी लायका हा जर्मन कॅमेरा उघडून पाहिला तेथून सांगितला जातो. आत पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर एवढेच असताना किंमत मात्र अवाच्या सवा आहे हे पाहून त्यांना राग आला आणि १९३३ मध्ये असा कॅमेरा बनवण्यासाठी टोकियोच्या रोप्पोंगी भागात प्रयोगशाळा निघाली. दुरुस्तीचे काम करणाऱ्याला ही कथा अपुरी वाटते, कारण कॅमेरा उघडला की भाग दिसतात, त्यांचा मेळ दिसत नाही.

हा मेळ सर्वांत जास्त छळतो तो शटरमध्ये. रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे फिल्मसमोरून एकापाठोपाठ धावतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून प्रकाश आत येतो. हान्साच्या १/५०० सेकंद या सर्वोच्च वेगाला ती फट इतकी चिंचोळी असते, की मागचा पडदा पुढच्याला किंचित जरी गाठू लागला तरी छायाचित्राची एक कड काळवंडते. मागच्याचा ताण उतरवावा तर फट रुंदावत जाते, पुढच्याचा चढवावा तर आधी साधलेला वेग बिघडतो, आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. गोठलेले तेल न काढता केवळ स्प्रिंग आवळून वेगाचा आकडा जमवण्याची जी पद्धत आज बोकाळली आहे, तिला दुरुस्ती म्हणता येत नाही. उतारवयात बोटांची जाण ओसरल्यावर प्रस्तुत लेखकही शिकाऊ हातावर आणि मोजयंत्रावर विसंबतो. तरी आकडा उमटण्याआधी आपला अंदाज मनाशी बांधून ठेवण्याचा आणि तो जुळला की सुखावण्याचा गर्व सुटलेला नाही.

सारे श्रेय एकाच हाताला देण्याचा मोह इतिहासालाही पडतो. योशिदा १९३४ मध्येच प्रयोगशाळेतून बाहेर पडले. प्रयोगशाळेच्या ज्या ‘क्वानॉन’ कॅमेऱ्याच्या जाहिराती त्या वर्षी झळकल्या, तो बाजारात आलाच नाही. १९३६ मध्ये हान्सा विक्रीस आला तो निप्पोन कोगाकू या १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीमुळे. ५० मिमीचे निक्कोर भिंग, ते पुढेमागे सरकवणारी बैठक आणि अंतरमापकाची प्रकाशयंत्रणा तिने पुरवली. शटर आणि जुळणी मात्र प्रयोगशाळेची होती. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर ‘हान्सा’ हे विक्रेत्याचे चिन्ह आहे, भिंगावर निप्पोन कोगाकूचे नाव आहे. पडद्यांना ताण देणाऱ्याचे नाव कोठेही नाही.